वसंतातले ओसरते पाणी आणि ल्युअरची निवड

आपण लिहिले आहे की फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून आपण दर रविवारी पवना धरणाच्या फुगवट्यावर आणि अधूनमधून वीर धरणाखाली नीरेच्या काठी जाता. आपल्या डबीत अकरा ल्युअर, म्हणजे गळाची कृत्रिम आमिषे, आहेत, परदेशी व्हिडिओंमध्ये वसंत हाच गळाच्या मासेमारीचा सर्वोत्तम हंगाम असल्याचे सांगतात, आणि तरीही नऊ रविवारांत आपल्याला एकच झटका बसला, तोही बहुधा पाण्याखालच्या फांदीचा होता. आता बारावे ल्युअर कोणते घ्यावे, असा आपला प्रश्न आहे.

बारावे घेऊ नका, हे माझे उत्तर. मी गेली बावीस वर्षे पुणे, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या पाण्यांवर कृत्रिम आमिषाने मासे धरतो आहे, आणि सुरुवातीची चार वर्षे मीही हाच प्रश्न दुकानदाराला विचारत होतो. प्रश्न ल्युअरचा वाटतो, पण अडचण बहुतेक वेळा अशी असते की आपण ज्या पाण्यात फेकतो आहोत तिथे त्या घटकेला मासाच नसतो. आपण फुगवट्याच्या कोणत्या अंगाला उभे राहता, किती वाजता पोहोचता, पाणी किती गढूळ असते, हे आपण लिहिलेले नाही; त्यामुळे पुढे जे सांगतो आहे ते आपल्या जागेवर ताडून पाहावे लागेल.

आधी त्या व्हिडिओंविषयी. ते खोटे नाहीत, पण ते आपल्या पाण्याचे नाहीत. अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा युरोपात हिवाळ्यात तळी गोठतात, मार्च-एप्रिलमध्ये पाणी तापू लागते, आणि महिनोन्महिने सुस्त पडलेला मासा भुकेला होऊन उथळ पाण्यात येतो. तिथला लार्जमाउथ बास तर पाणी १५ ते २० अंशांवर आले की काठाजवळच अंडी घालतो. तिथे वसंत म्हणजे माशाला जाग येण्याची वेळ. आपल्या घाटमाथ्याच्या धरणांत मासा कधी झोपलेलाच नसतो. भर जानेवारीतही माझा थर्मामीटर क्वचितच २० च्या खाली जातो, आणि रोहू, कटला, महाशीर यांचा विणीचा हंगाम पावसाशी बांधलेला आहे. म्हणून होळीनंतर मासा आपोआप काठाला येईल असे गृहीत धरून उथळात फेकत राहणे म्हणजे दुसऱ्याच्या पंचांगावर आपला मुहूर्त काढणे आहे. आपला वसंत हा ओसरत्या पाण्याचा ऋतू आहे, आणि माशाच्या सगळ्या हालचाली त्या ओसरण्याशी जोडलेल्या असतात.

हे ओसरणेही सगळीकडे सारखे नसते. पवनेला मोठा कालवा नाही; धरणातले पाणी नदीत सोडतात आणि ते रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवडसाठी उचलले जाते. शहराला रोज पाणी लागते, त्यामुळे पवनेची पातळी शांतपणे, रोज थोडी थोडी उतरत राहते. वीर आणि भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांना जाते, म्हणून तिथे आवर्तनाचा, म्हणजे पाळीपाळीने कालव्याला पाणी सोडण्याचा, हिशेब असतो: आवर्तन सुरू असताना पाणी भराभर उतरते, बंद झाले की काही दिवस थांबते. माझ्या अनुभवात थांबलेले किंवा सावकाश उतरणारे पाणी चांगले. झपाट्याने उतरणाऱ्या पाण्यात मासा काठ सोडून खोल धारेवर जातो आणि तिथे तो पाहायला मिळाला तरी तोंड उघडत नाही.

पातळी समजण्यासाठी मी एक साधी गोष्ट करतो, जी मला भाटघरच्या एका वृद्ध भोई काकांनी शिकवली. पोहोचल्याबरोबर पाण्याच्या अगदी कडेला बाभळीची एक काडी चिखलात रोवायची. मागच्या मार्चमध्ये मी रोवलेली काडी पुढच्या रविवारी पाण्यापासून चौदा पावलांवर कोरड्यात उभी होती, आणि मधल्या पट्ट्यात सगळे लिहून ठेवलेले होते: काठाजवळचा गाळ तडकून त्याच्या खपल्या झालेल्या, त्याच्या पुढे बोट रुतेल असा मऊ चिखल, आणि त्या चिखलात परातीएवढे गोल खळगे, एकाला एक लागून, वीस-पंचवीस तरी. ती चिलापीची (तिलापिया) घरटी होती. आठवड्यापूर्वी मी गुडघाभर पाण्यात उभा राहून ज्या मासळीच्या डोक्यावरून लांब ल्युअर फेकत होतो, ती माझ्या पायाशी घरटी करून बसली होती. चिलापी आपल्या देशात १९५२ साली आणली गेली आणि आज उजनीपासून गावतळ्यापर्यंत सगळीकडे आहे. ती घरटे राखत असेल तर दोन-तीन ग्रॅमचा छोटा स्पिनर (फिरत्या पात्याचे ल्युअर) किंवा जिग (डोक्याशी शिसे असलेला गळ) भुकेपोटी नव्हे, रागाने उचलते. नवशिक्याने पहिला मासा तिच्यावर लावावा, हात बसतो.

पण मुख्य मुद्दा त्या पट्ट्याचा आहे. उन्हाळ्यात उघडी पडणारी जमीन हाच पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीतला पाण्याखालचा नकाशा असतो. पवनेत वाघेश्वराचे मंदिर जसे उन्हाळ्याच्या तोंडावर पाण्याबाहेर येते, तशा बुडालेल्या गावांच्या ताली, शेताचे बांध, जुन्या विहिरींचे कठडे आणि ओढ्यांची पात्रेही बाहेर येतात. मी मे महिन्यात रॉड न घेता नुसता फिरतो आणि मोबाइलवर अशा जागांच्या खुणा करून ठेवतो. उपग्रहाच्या जुन्या छायाचित्रांतही त्या दिसतात. सपाट गाळपेरीच्या शेतापुढे उभे राहून तीनशे वेळा फेकण्यापेक्षा, बुडालेल्या तालीच्या कडेने दहा वेळा फेकलेले बरे, कारण पाणी उतरताना मासा अशाच कडेला धरून मागे सरकतो. तिथे त्याला आडोसाही असतो आणि एका शेपटीच्या फटक्यात खोल पाणीही.

आता उष्णतेविषयी, कारण इथे एक अर्धवट सल्ला फार ऐकू येतो: ऊन वाढले की मासा तळाला जातो, म्हणून तळाला खेळा. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. आणि माशाची प्राणवायूची गरज मात्र तापमानाबरोबर वाढत जाते. शिवाय मार्चपासून खोल धरणात वरचे तापलेले हलके पाणी आणि खालचे गार जड पाणी असे थर पडतात, आणि खालच्या थराला वारा लागत नसल्यामुळे तिथला प्राणवायू संपत जातो. म्हणजे अगदी तळ गार असला तरी तिथे श्वास घेता येत नाही. मासा मधल्या थरात किंवा वारा लागणाऱ्या काठाला असतो. चैत्रात दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठला की मी पूर्वेकडच्या, म्हणजे लाटा जिथे आपटतात त्या काठाला जातो. तिथे फेकणे कठीण असते आणि तोंडावर पाणी उडते, पण बारीक चंदेरी मासळी तिथेच ढकलली जाते आणि तिच्यामागे मोठी येते.

याच कारणाने ‘पहाटे जा’ हा नियमही सगळीकडे लागू नाही. पवना, मुळशी यांसारख्या स्वच्छ पाण्यात सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून साडेआठपर्यंतचा वेळ सोन्यासारखा आहे. उजनीच्या हिरव्या पाण्यात मात्र शेवाळ रात्रभर प्राणवायू खाते, त्यामुळे तिथे पहाटेच तो सर्वांत कमी असतो, आणि मासा ऊन थोडे वर आल्यावर, आठ-नऊच्या सुमारास हालचाल करू लागतो. उजनीवर पाच वाजता पोहोचून सात वाजता कंटाळून परत फिरणारे किती तरी जण मी पाहिले आहेत.

यानंतर कोणता मासा, हा प्रश्न. रोहू शेवाळ आणि वनस्पतींवर, मृगळ तळाच्या कुजक्या काडीकचऱ्यावर, कटला पाण्यातल्या सूक्ष्म जिवांवर जगतो. हे मासे चमचा, म्हणजे चमच्यासारखे धातूचे ल्युअर, गिळायला येत नाहीत. त्यांच्यासाठी पेंड आणि कणकेचा गोळा आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. ल्युअरवर एखादा कटला लागला असे कोणी सांगितले तर गळ तोंडात होता की अंगात, एवढे विचारा. धरणात हे मासे भरपूर असतात, म्हणून पाण्यावर मासळी उडताना दिसते आणि ल्युअरला मात्र कोणी विचारत नाही. ल्युअर खरोखर चालते ते शिकारी माशांवर: मरळ, महाशीर, शिंगटा. शिवाय वर सांगितलेल्या, घरटे राखणाऱ्या चिलापीवर.

वसंतात या सगळ्यांत मरळ माझ्या मते पहिला, आणि कारण पुन्हा प्राणवायूचेच आहे. मरळ कल्ल्यांबरोबर थेट हवेतूनही श्वास घेते, तिला दर काही मिनिटांनी वर यावेच लागते. म्हणून पाणी कितीही तापो, कितीही हिरवे होवो, ती उथळात टिकते, आणि तिचा पत्ता ती स्वतःच सांगते. ओढ्याच्या तोंडाशी, पाणकणसाच्या किंवा जलपर्णीच्या कडेला दहा मिनिटे शांत बसा. उडी नाही, शिंतोडे नाहीत, फक्त ‘पुळ्ळक’ असा जाड आवाज येतो आणि पाण्यावर एक सुस्त भोवरा उमटतो. तो भोवरा मरळीचा.

तिच्यासाठी पोकळ रबरी फ्रॉग हेच ल्युअर, १२ ते १५ ग्रॅमचा, ज्याचे गळ अंगाला चिकटून वर वळलेले असतात आणि शेवाळात अडकत नाहीत. तो भोवऱ्यावर टाकू नका, मरळ घाबरून जाईल. तिच्या पलीकडे दोन हात, शक्य तर गवतावरच टाका आणि तिथून पाण्यात घसरू द्या. मग दोन छोटे हिसके, आणि थांबा. किती थांबायचे? पाण्यावर उमटलेली वलये विरेपर्यंत. हे थांबणेच जमत नाही, आणि फ्रॉग चालत नाही म्हणणाऱ्या दहांतले आठ जण तिथेच चुकतात.

दुसरी चूक झटक्याची. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये भाटघरच्या एका ओढ्यात, अर्ध्या बुडालेल्या बाभळीच्या खोडाशी एकाच मरळीने माझा फ्रॉग सकाळी तीनदा उडवला आणि तिन्ही वेळा मी आवाजासरशी रॉड ओढली. फ्रॉग दरवेळी रिकामा, माझ्या कानाजवळून मागे. एवढी वर्षे काढूनही हात ऐकत नव्हता. चौथ्या वेळी मी मुद्दाम मोठ्याने ‘एक, दोन’ म्हटले, दोरीला वजन जाणवले, तेव्हा ओढली, आणि ती लागली. मरळ फ्रॉगवर आधी आदळते आणि मग तो तोंडात वळवून घेते. त्या दोन आकड्यांत हे घडते. यासाठी सात फुटांची जरा ताठ रॉड आणि ३० ते ४० पौंडांची ब्रेडेड लाइन हवी, कारण लागल्याबरोबर ती गवतात शिरते आणि तिला लगेच फिरवावे लागते.

एक पथ्य मात्र पाळा. पावसाच्या आधीच्या महिन्यांत पाण्यावर तांबूस-नारिंगी पिलांचा घोळका, ताटाएवढा, खदखदताना दिसतो आणि त्याच्याखाली आईबाप राखणीला असतात. तिथे काहीही टाकले तरी ते धावून येतात, म्हणून ती शिकार सोपी असते. आणि त्यांना उचलले की पिले संध्याकाळपर्यंत इतर माशांच्या पोटात जातात. मी तिथे फेकत नाही, आणि माझ्याबरोबर येणाऱ्यालाही फेकू देत नाही.

महाशीराचे गणित अगदी उलटे आहे. आपल्याकडच्या महाशीराला खडस म्हणतात, आणि शास्त्रात त्याचे ‘खुद्री’ हे नाव सायक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून दिले. (त्याच मुळा-मुठेच्या काठी आज उभे राहून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.) धरणांत तो अजून आढळतो, याचे मोठे श्रेय लोणावळ्याच्या वळवण येथे टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून चालवलेल्या बीजोत्पादनाला आहे. महाशीराला प्राणवायू भरपूर लागतो, त्यामुळे तो स्वच्छ, खडकाळ, हलत्या पाण्यात सापडतो: पाणी खळाळून डोहात पडते तिथे, ओढ्याच्या दगडी तोंडाशी, किंवा वाऱ्याच्या काठाला खडक असेल तर तिथे. त्याच्यासाठी १० ते १२ ग्रॅमचा साधा चंदेरी चमचा किंवा सात सेंटिमीटरचा बारीक मिनो (छोट्या माशाच्या आकाराचे ल्युअर) घ्या. चमचा प्रवाहाच्या आडव्या अंगाने टाकून वळत खाली येऊ द्या. रील फक्त दोरी ताठ राहील इतकीच फिरवा. त्याचा जबडा असा की तिहेरी गळ चुरगळून टाकतो, म्हणून मी ते काढून जाड एकेरी गळ लावतो, काटा पक्कडीने दाबून. माझा आजवरचा सर्वांत मोठा महाशीर मी ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, जास्त आवळल्यामुळे गमावला. गळ सरळ होऊन वर आला, तो अजून खिळ्याला टांगून ठेवला आहे. महाशीर लागला तर पाण्यातच ओल्या हाताने सोडवा आणि जाऊ द्या. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीसारख्या देवाच्या डोहांत, किंवा देहूला इंद्रायणीच्या काठी, रॉड बाहेरही काढू नका.

शिंगट्याविषयी थोडक्यात: तिन्हीसांजेनंतर, तळाशी, सॉफ्ट प्लास्टिक जिगवर अडकवून अगदी सावकाश ओढत आणणे. उन्हात त्याच्या मागे लागू नये.

आता नीरा. नदीवर मी ल्युअर नव्हे, आवर्तनाची बातमी आधी पाहतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे पावसाळ्यानंतर बरगे घालून अडवलेले पाणी मार्चपर्यंत शिळे झालेले असते. नदीत पाणी सोडले की त्या साचलेल्या डोहात ताजे, हलते पाणी शिरते, आणि पहिले काही तास, पाणी गढूळ होऊन काडीकचरा वाहू लागण्याच्या आत, मासा प्रवाहाच्या तोंडाशी येतो. माझे नीरेवरचे निम्मे मासे या वेळेचे आहेत. याच वेळी धोकाही असतो. बंधाऱ्याखाली दगडावर उभे असाल तर पाणी चढते आहे हे पाय ओले झाल्यावरच कळते. काडी इथेही रोवावी, आणि ती दोन बोटे बुडाली की आधी काठावर यावे. कोकणात कुंडलिकेवर भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्याने नदी अशीच रोज चढते-उतरते, तिथे तर हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. वळवाचा एखादा पाऊस झाला की पुढचे दोन दिवस सुटी काढा. ओढ्याचे पहिले लाल पाणी धरणात जिथे मिसळते, त्या गढूळ-स्वच्छ रेषेवर जे मिळते ते महिनाभरात मिळत नाही.

रंगावर लोक फार बोलतात, मी कमी बोलतो. स्वच्छ पाण्यात चंदेरी आणि लहान, हिरव्या-गढूळ पाण्यात काळे किंवा सोनेरी आणि जरा मोठे, इतके पुरते. त्याहून महत्त्वाची खोली. चमचा पाण्यात पडल्यावर मनात आकडे मोजा. दोरी सैल पडली की तळ आला. दहाव्या आकड्याला तळ असेल तर पुढच्या फेकीला सातवर रील फिरवायला लागा, मग पाचवर. एकाच आकड्यावर दोनदा झटका आला की मासा त्या थरात आहे. आपल्या अकरांपैकी एक फ्रॉग, एक चमचा, एक मिनो आणि चिलापीसाठी एक लहानसा स्पिनर बाजूला काढा. उरलेली सात घरी ठेवली तरी चालेल.

परवानगीचे सांगायला हवे. बहुतेक धरणांत मासेमारीचा हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. आधी त्यांना भेटा, विचारा, जे शुल्क असेल ते द्या. त्यांच्या जाळ्याच्या खुणा ओळखायला शिका. कोयनेच्या शिवसागराचा अभयारण्यात येणारा भाग सर्वस्वी वर्ज्य आहे.

पुढच्या रविवारी आपण पवनेला जाल तेव्हा पहिला तासभर फेकू नका. काडी रोवा, मरळीच्या आवाजाला कान द्या, आणि गाळाच्या ताज्या पट्ट्यावर सावध चाला. वरची खपली वाळलेली दिसते आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, म्हणून एकट्याने जाऊ नका आणि हातात काठी ठेवा. परत आल्यावर मला तीन गोष्टी कळवा: आपण कोणत्या काठाला होता, काडीपासून पाणी किती सरकले, आणि हात कोपरापर्यंत बुडवल्यावर बोटे दिसत होती का. मग चारांपैकी कोणते ल्युअर आधी बांधायचे ते सांगता येईल.